कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा: पैसे परत कसे मागायचे

बँकेने 30 लाखांचं गृहकर्ज मंजूर केलं, पण बिल्डरकडे गेले 28 लाख 80 हजार. उरलेले 1 लाख 20 हजार कुठे गेले असं शाखेत विचारलं की उत्तर येतं, "तो लोन प्रोटेक्शनचा प्रीमियम. सगळ्यांनाच असतो." गोव्यात पर्वरीत फ्लॅट घेणारं जोडपं असो, डिचोलीत दुचाकी काढणारा असो की पेडण्यातला टॅक्सीवाला, हे वाक्य कित्येकांच्या कानावर पडलेलं असतं. ते खोटं आहे. बँकेने विकलेला विमा घेणं पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि तो कर्जाची अट म्हणून लादता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा जुना आणि स्पष्ट नियम आहे. नाव, कंपनी, हप्ता, काहीच न सांगता रक्कम कापून घेणं तर त्याहून पुढची गोष्ट.

या रकमेचं खरं ओझं ती कर्जात मिसळल्यावर कळतं. वरच्या उदाहरणातले 1 लाख 20 हजार 8.5 टक्के व्याजाने 20 वर्षं फेडायचे म्हटलं तर त्यांचा हप्ता महिन्याला सुमारे 1,041 रुपये पडतो. मुदत संपेपर्यंत तो आकडा जवळपास अडीच लाखांवर जातो. म्हणून "जाऊ दे, आता घेतलाच आहे" असं म्हणून फाइल बंद करू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. कर्जविमा मुळात वाईट नाही. घरात कमावता एकच असेल, वर 25 लाखांचं कर्ज असेल आणि वेगळा टर्म प्लॅन नसेल, तर विमा हवाच. अशा घराने आधी दुसरी पॉलिसी हातात घ्यावी आणि मगच ही रद्द करावी. मधल्या काळात घर उघड्यावर ठेवू नये.

आधी ओळखा, नेमकं काय विकलंय

कर्जाच्या कागदांत विम्याच्या नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. सगळ्यांचे पैसे परत मिळत नाहीत. गाडीचा थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, त्यावर तक्रार चालणार नाही. तारण ठेवलेल्या घराचा आगीपासूनचा विमा बँक करारात मागू शकते, मात्र तो अमक्याच कंपनीकडून घ्या असा आग्रह धरता येत नाही.

आपला विषय उरतो तो दोन प्रकारांचा. पहिला, आयुर्विमा कंपनीचा समूह कर्जविमा. यात मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर असते, तुम्ही तिचे सदस्य असता आणि तुम्हाला विमा प्रमाणपत्र मिळतं. कर्जदार गेला तर बँकेचं देणं भागतं आणि काही उरलं तर नॉमिनीला मिळतं. बहुतेक योजनांत विम्याची रक्कम कर्जासोबत दरवर्षी घटत जाते. दुसरा प्रकार सामान्य किंवा आरोग्य विमा कंपनीचा: अपघात, गंभीर आजार, नोकरी जाणं, असं एकत्र बांधलेलं पुडकं. त्याची मुदत पुष्कळदा 3 किंवा 5 वर्षंच असते, आणि ग्राहक समजतो की 20 वर्षांच्या कर्जाला 20 वर्षं संरक्षण आहे. प्रमाणपत्रावर कंपनीच्या नावात "लाइफ" आहे की "जनरल" किंवा "हेल्थ", हे पाहिलं की प्रकार कळतो. पुढचा हिशेब या फरकावरच ठरतो.

फसवणूक कशाला म्हणायचं

"मला नको होता" एवढ्यावर तक्रार टिकत नाही. मुद्दा ठोस हवा. तो शोधायला प्रस्ताव अर्ज, म्हणजे प्रपोजल फॉर्म, नीट वाचा. पॉलिसीसोबत त्याची प्रत यायला हवी. आली नसेल तर कंपनीकडे लेखी मागा.

त्या अर्जात आरोग्याचे प्रश्न असतात: मधुमेह आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का. सगळीकडे "नाही"वर खूण असेल आणि तुम्हाला हे प्रश्न कुणी विचारलेच नसतील, तर हा तुमचा सर्वात भक्कम मुद्दा. नुसता भक्कमच नाही, धोक्याचाही आहे, कारण खोटी आरोग्य माहिती दिल्याचं कारण पुढे करून कंपनी उद्या कुटुंबाचा दावा नाकारू शकते. म्हणजे हप्ता भरूनही संरक्षण नाही. असं दिसलं तर पैसे परत मागायचे नसले तरी कंपनीला खरी माहिती ताबडतोब लेखी कळवा.

दुसरा भक्कम मुद्दा: जो विमा तुम्हाला लागूच होत नाही तो विकणं. नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा टॅक्सी मालकाला किंवा किनाऱ्यावरच्या शॅकवाल्याला विकला, तर त्याला त्यातून कधीच काही मिळणार नाही, कारण त्याला जायला नोकरीच नाही. बोटीवर कॉन्ट्रॅक्टने जाणाऱ्यांनीही अशा विम्याच्या अटी तपासाव्यात. कंत्राट संपणं म्हणजे नोकरी जाणं, असं या पॉलिसी बहुधा धरत नाहीत.

याशिवाय कोऱ्या अर्जावर सही घेतली, ओटीपी "कर्जाचा आहे" म्हणून मागितला, विमा घेतला नाही तर फाइल पुढे जाणार नाही असं सांगितलं, किंवा एकरकमी प्रीमियम असताना "दरवर्षी थोडे कापतील" असं सांगितलं, हेही मुद्देच. बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर झालं असेल तर आज स्क्रीनशॉट काढा, उद्यावर ढकलू नका. पॉलिसी देण्याआधी कंपनीने पडताळणीचा फोन केला असेल तर त्याचं रेकॉर्डिंगही मागा. त्यात "हो, हो" एवढंच ऐकू येतं की अटी खरोखर समजावल्या आहेत, हे महत्त्वाचं ठरतं.

कागद गोळा करताना

मंजुरीपत्र, कर्जकरार, कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा, विमा प्रमाणपत्र किंवा पॉलिसी, आणि प्रस्ताव अर्ज. उताऱ्यात प्रीमियमची नोंद शोधा. काही बँका प्रीमियमसाठी वेगळंच छोटं कर्जखातं उघडतात. तसं असेल तर दोन्ही खात्यांचे उतारे घ्या, नाहीतर त्या दुसऱ्या खात्यावरचं व्याज हिशेबातून सुटतं.

कर्ज 1 ऑक्टोबर 2024 नंतरचं असेल तर आणखी एक कागद तुमच्या बाजूने आहे: की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचं पत्रक. रिझर्व्ह बँकेने रिटेल, म्हणजे घर-गाडीसारख्या वैयक्तिक कर्जांना ते सक्तीचं केलं आहे. विम्यासारखे तिसऱ्या पक्षाचे खर्च त्यात दाखवावे लागतात आणि ते वार्षिक टक्केवारीच्या दरातही, म्हणजे सगळा खर्च धरून काढलेल्या कर्जाच्या दरातही, धरावे लागतात. पत्रकात नसलेलं कोणतंही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे कधीही लावता येत नाही. पत्रक कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यायचं असतं. तेव्हा इंग्रजी वाचायला अडचण असेल तर मराठीत किंवा कोकणीत मागायला संकोचू नका. प्रीमियम उताऱ्यात आहे पण या पत्रकात नाही, अशी तफावत सापडली तर तक्रारीचं पहिलं वाक्य तेच करा.

30 दिवस हातात असतील तर

पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून 30 दिवसांचा काळ "फ्री लुक" म्हणून असतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांनी तो 30 दिवसांचा केला. या काळात पॉलिसी परत केली तर तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा प्रीमियम, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होतं, बाकी रक्कम परत येते. फसवणूक सिद्ध करायची गरज नाही, वाद घालायची गरज नाही. समूह विम्यात ही अट प्रमाणपत्रावर कशी छापली आहे ते पाहा आणि तिचा उल्लेख अर्जात करा.

मोजणी पॉलिसी मिळाल्यापासून होते, कर्ज मिळाल्यापासून नाही. पॉलिसी ईमेलवर आली असेल तर तो ईमेल जपून ठेवा, पोस्टाने आली असेल तर लिफाफा. प्रमाणपत्र कधी मिळालंच नसेल तर तक्रारीत हे ठळक लिहा आणि "पाठवल्याचा पुरावा द्या" अशी मागणी करा.

हा अर्ज शाखेत तोंडी देऊ नका. शाखेतला माणूस "मी बघतो" म्हणेल, दिवाळी येईल, आणि 30 दिवस निघून जातील. अर्ज थेट विमा कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, शाखेला प्रत ठेवा, आणि एक छापील प्रत शाखेत देऊन दुसरीवर तारखेसह शिक्का घ्या. शाखा शिक्का देत नसेल तर स्पीड पोस्ट. पणजी, म्हापसा, मडगाव, कुठलंही पोस्ट ऑफिस चालेल. पावती फाइलला लावा.

30 दिवस उलटले असतील तर

मग दोन वेगळ्या मागण्या कराव्या लागतात, आणि बहुतेक जण गल्लत करतात ती इथेच. "रद्द करा" म्हटलं की कंपनी सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी सोडल्यावर मिळणाऱ्या रकमेचा, हिशेब लावते, आणि आयुर्विम्यातलं सरेंडर मूल्य भरलेल्या प्रीमियमपेक्षा बरंच कमी निघू शकतं. तुमची मुख्य मागणी मात्र अशी आहे: विमा चुकीच्या पद्धतीने विकला, म्हणून सुरुवातीपासून रद्द करून पूर्ण प्रीमियम आणि त्यावर लागलेलं कर्जाचं व्याज परत द्या. हे मान्य झालं नाही तरच सरेंडरची रक्कम किंवा उरलेल्या काळाचा प्रीमियम. पत्रात दोन्ही मागण्या याच क्रमाने लिहा, आणि कंपनीने पाठवलेला सरेंडर फॉर्म मुख्य तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सही करून देऊ नका. त्यात "पूर्ण आणि अंतिम" अशी ओळ असू शकते.

सामान्य किंवा आरोग्य विमा असेल तर स्थिती थोडी सोपी आहे. 2024 च्या नियमांनुसार रिटेल ग्राहक पॉलिसी मध्येच रद्द करू शकतो आणि एका वर्षाहून मोठ्या मुदतीच्या पॉलिसीत न संपलेल्या काळाचा प्रीमियम परत मिळतो. पाच वर्षांच्या पुडक्यातलं एकच वर्ष गेलं असेल तर ही रक्कम लहान नसते.

पत्राचा मजकूर साधा ठेवा. रागाने चार पानं लिहिली तर वाचणारा मुद्दा शोधत बसतो. नमुना असा:

"मी अमुक शाखेतून कर्ज खाते क्रमांक अमुकवर अमुक तारखेला गृहकर्ज घेतले. त्यातून अमुक रुपये प्रमाणपत्र क्रमांक अमुकच्या प्रीमियमपोटी वळते केले. हा विमा कर्जासाठी सक्तीचा असल्याचे मला शाखेत सांगण्यात आले. प्रस्ताव अर्जातील आरोग्याचे प्रश्न मला विचारलेले नाहीत. मला अमुक वर्षापासून मधुमेह आहे. अर्जातील उत्तरे मी दिलेली नाहीत. म्हणून विमा सुरुवातीपासून रद्द करून पूर्ण प्रीमियम, त्यावरील करासह आणि कर्जाच्या दराने लागलेल्या व्याजासह, माझ्या कर्जखात्यात जमा करावा. ही मागणी अमान्य असल्यास लेखी कारणे, प्रस्ताव अर्जाची प्रत, ओटीपी किंवा सहीची नोंद, पडताळणी कॉलचे रेकॉर्डिंग आणि सरेंडर मूल्याचा हिशेब द्यावा."

तुमच्या बाबतीत जे घडलं तेवढंच लिहा. मधुमेह नसताना मधुमेह लिहिलात तर सगळी तक्रार कोसळते. मराठीत लिहिलं तरी हरकत नाही, पण कंपनीचं तक्रार कार्यालय राज्याबाहेर असेल तर सोबत इंग्रजी प्रत जोडलेली बरी, वेळ वाचतो.

घरचा माणूस बोटीवर असेल आणि विमा त्याच्या नावावर असेल, तर तक्रार त्याच्याच नोंदवलेल्या ईमेलवरून जाऊ द्या. घरच्यांनी आपल्या ईमेलवरून पाठवलेलं पत्र "विमाधारकाचं नाही" म्हणून परत येतं आणि महिना फुकट जातो.

दोन दारं: कंपनी आणि बँक

हे पत्र दोघांना जायला हवं, कारण चुका दोन आहेत. विमा कंपनीचं काम नियमाप्रमाणे पॉलिसी देण्याचं, बँकेचं काम सक्ती न करण्याचं. बँक म्हणेल "कंपनीला विचारा", कंपनी म्हणेल "बँकेने विकला". दोघांकडे एकाच दिवशी गेलं की हा चेंडू फार काळ टोलवता येत नाही.

विमा कंपनीने तक्रारीचं उत्तर दोन आठवड्यांत द्यायचं असतं. नाही आलं किंवा पटलं नाही, तर आयआरडीएआयच्या "बीमा भरोसा" पोर्टलवर तक्रार नोंदवा. टोल फ्री क्रमांक 155255 आणि 1800 4254 732. आयआरडीएआय स्वतः निवाडा देत नाही, कंपनीकडून उत्तर काढून घेतं. पण तक्रारीवर क्रमांक पडतो आणि कंपनीतली फाइल वरच्या टेबलावर जाते.

बँकेकडून 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. तक्रार "सीएमएस" पोर्टलवर करता येते, मदतीसाठी 14448. फी नाही, वकील लागत नाही. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे जावं लागतं. पतसंस्थेचं असेल तर सहकारी संस्था निबंधकाकडे. मात्र कर्ज कुणाचंही असो, विमा कंपनीवरची तक्रार आयआरडीएआयच्या वाटेनेच जाते.

विमा लोकपाल

माझ्या मते सामान्य माणसासाठी सर्वात उपयोगी दार हेच. गोवा मुंबईच्या विमा लोकपालाच्या क्षेत्रात येतो, कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला. पण त्यासाठी मुंबईची गाडी पकडायची गरज नाही. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओ कॉलवर होऊ शकते.

अटी लक्षात ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी आणि तिने ती फेटाळलेली हवी, किंवा एक महिना उत्तर नसावं, किंवा उत्तर असमाधानकारक असावं. त्यानंतर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जावं लागतं. 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. समूह विम्याच्या तक्रारी त्यांच्या कक्षेत येतात, त्यामुळे "मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर आहे, तुमचा संबंध नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. पॉलिसीच्या अटी चुकीच्या सांगणं आणि प्रस्ताव अर्जाशी न जुळणारी पॉलिसी देणं, हे दोन्ही विषय नियमांत नावानिशी आहेत. तक्रारीत तेच शब्द वापरा.

वकील चालत नाही, तुम्हालाच बोलावं लागतं. पाच मिनिटांत सांगता येईल अशी तारखांची एक पानाची यादी समोर ठेवा: कर्ज कधी, प्रीमियम कधी कापला, प्रमाणपत्र कधी मिळालं, तक्रार कधी केली, उत्तर काय आलं. निवाडा तुमच्या बाजूने लागला तर कंपनीने 30 दिवसांत अंमल करायचा असतो. विरुद्ध लागला तर तो तुम्हाला बांधत नाही, ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. उलट क्रम मात्र चालत नाही: आयोगात खटला चालू असेल तर लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत.

ग्राहक आयोग

उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं तरी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे एक सेवा घेण्यासाठी दुसरी सेवा घ्यायला लावणं ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. कर्जाला विमा बांधणं याच चौकटीत बसतं, म्हणून बँक आणि विमा कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पत्रव्यवहार आणि लोकपाल यात ती निसटू देऊ नका, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

टॅक्सीवाल्यांना मुद्दाम सांगतो: "व्यवसायासाठी कर्ज घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही" असा आक्षेप येईल. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरायला घेतलेली वस्तू, जशी तुमची गाडी, कायदा व्यावसायिक हेतूत धरत नाही. गाडी तुम्हीच चालवता आणि घर त्यावरच चालतं, हे तक्रारीत लिहा.

आयोगात स्वतः बाजू मांडता येते. वकील हवा पण परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. आधी नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

फिटलेली कर्जं

कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत हलवलं, तर जुना एकरकमी विमा आपोआप संपतो असं धरू नका. आयुर्विम्याच्या समूह योजनांत तो मुदतीपर्यंत चालू ठेवण्याची किंवा सरेंडर करून पैसे घेण्याची सोय असते. पण कर्ज बंद करताना बँक बहुधा याबद्दल चकार शब्द काढत नाही. जुनी फाइल काढा, प्रमाणपत्र क्रमांकासह कंपनीला लिहा, आणि आज सरेंडर केलं तर किती मिळतील याचा आकडा मागा. चालू ठेवायचं ठरलं तर नॉमिनीचं नाव तपासून घ्या.

स्विंडन, साउथॉल भागात आपले बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी थोडं. ब्रिटनमधल्या कर्जांवरच्या पीपीआय, म्हणजे हप्त्यांच्या संरक्षणासाठी विकलेल्या विम्याचे दावे करण्याची मुदत 29 ऑगस्ट 2019 ला संपली. आता कुणी आगाऊ फी घेऊन पीपीआय परत मिळवून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. इथेही तसेच फोन येतात: "आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा विम्याचा बोनस अडकलाय, आधी एवढे भरा." आयआरडीएआय कुणाला असे फोन करत नाही.

पैसे मंजूर झाल्यावर

रक्कम कुठे जमा करायची ते तुम्ही लेखी सांगा. प्रीमियम कर्जातून गेला असेल तर परतावा कर्जखात्यात मुद्दलात जमा व्हायला हवा, पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून नाही. जमा झाल्यावर नवा उतारा आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक मागा: हप्ता कमी झाला की मुदत कमी झाली, आणि वेगळं विम्याचं कर्जखातं असेल तर ते शून्यावर येऊन बंद झालं का. तिथे चार-पाचशे रुपये शिल्लक राहिले तरी त्यावर व्याज चढतं, आणि थकीत म्हणून क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंद जाऊ शकते. खातं बंद झाल्याचं पत्र हातात घ्या, आणि दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून तिथेही ते बंद दिसतंय याची खात्री करा.